वहिनी म्हणते, "मला माणसाचे पैसे करायचे नाहीत." दादाच्या अपघातानंतर कायद्याने काय करता येईल?

भोगावती_काठ | १४ फेब्रुवारी, रात्री ११:५०

इथे गेली सात-आठ वर्षे नुसता वाचत आलोय. धागा पहिल्यांदाच काढतोय, तोही अशा कारणासाठी.

माझा थोरला भाऊ २४ जानेवारीला गेला. वय ३४. कुरकुंभ एमआयडीसीत एका लेबर कंत्राटदाराकडून मशीनवर होता. शनिवारची दुसरी पाळी सुटली की मोटरसायकलवर गावी यायचा, बार्शी तालुक्यात. त्या रात्री भिगवण सोडल्यावर हायवेच्या लेनमध्येच एक मालट्रक बंद पडून उभा होता. मागचा दिवा नाही, लाल त्रिकोण नाही. ड्रायव्हर लोक निदान झाडाचा डहाळा टाकतात, तोही नाही. दादा मागून जाऊन धडकला. डोक्यावर हेल्मेट होतं. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

घरात आई, वहिनी (वय ३०), आठ वर्षांची पुतणी आणि चार वर्षांचा पुतण्या. वडील २०१९ लाच गेले. दादाच्या नावावर दीड एकर जमीन आहे. पगार २२ हजार होता, पण त्यातले १२ हजार बँकेत यायचे आणि १० हजार रोख हातात.

अडचणी अशा. फिर्याद पोलिसांनीच दिली आहे आणि त्यात लिहिलंय की मोटरसायकलस्वाराने हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात गाडी चालवून उभ्या ट्रकला धडक दिली व स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला. म्हणजे गुन्हा दादावरच. तेराव्याच्या दिवशी मांडव उतरवत असताना एक जण दारात आला. "क्लेमचं सगळं मी बघतो, २५ टक्के माझे," म्हणाला आणि कोरा वकीलपत्राचा कागद पुढे केला. आणखी एकाचा फोन येतोय, की चूक तुमच्याच माणसाची आहे, तरी ५ लाख मिळवून देतो, एका कागदावर सही करा. ट्रक परराज्यातला आहे.

आणि वहिनी काहीच करायला तयार नाही. ती म्हणते, "ते गेले. आता त्यांची किंमत कोर्टात कोण ठरवणार? मला माणसाचे पैसे करायचे नाहीत." आई गप्प आहे. मी पुण्यात नोकरीला, सुट्टी संपत आली. काय करू? केस होते का अशी?

---

निवृत्त_शिरस्तेदार | १५ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

फार वाईट झालं. आईंना आणि वहिनींना सांभाळा.

मी ३१ वर्षे न्यायालयात नोकरी केली, त्यातली नऊ मोटार अपघात दाव्यांच्या शाखेत. म्हणून आधी तारखेचं बोलतो. अपघात २४ जानेवारीचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ (३) प्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल व्हायला हवा. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत लागू आहे. म्हणजे तुमच्या घरातल्या कॅलेंडरवर २३ जुलैला आत्ताच गोल करा. या मुदतीला आव्हान देणारे अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहेत, पण त्या भरवशावर एक दिवसही थांबू नका. पूर्वी वर्षानुवर्षे उशिरा आलेले दावे आम्ही नोंदवून घेतले आहेत, त्यामुळे गावात कोणी "दावा काय, कधीही टाकता येतो" असं सांगितलं तर तो जुन्या काळचं सांगतोय.

दुसरं, कोणत्याही कागदावर सही नाही. आईंची नाही, वहिनींची नाही. कोऱ्या वकीलपत्रावर तर मुळीच नाही. मिळणाऱ्या रकमेत टक्के ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, आणि दारोदार जाऊन पक्षकार गोळा करणंही नाही. तेराव्याला दारात आलेला माणूस बहुधा वकील नसतोच. त्याला पोलिस ठाण्यातून किंवा शवागारातून नावं मिळतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याची मला आजही चीड येते.

तिसरं, कागद. फिर्यादीची प्रत, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, ट्रकचं आरसी, त्याची विमा पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स. अपघाताची पहिली माहिती पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायची असते, आणि सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत. २०२२ च्या नियमांनी तपास अधिकाऱ्यावर हे बंधन घातलं आहे. ठाण्यात जाऊन "प्रथम अपघात अहवाल पाठवला का" एवढंच नम्रपणे विचारा. हा शब्द तुम्हाला माहीत आहे म्हटल्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

---

मुक्ता_सांगली | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

वाचून पोटात गलबललं. शिरस्तेदार काकांनी सांगितलंय तसं करा. सही नकोच.

---

लातूरची_वकील | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

होय, अशी केस होते. आणि चांगली होते.

फिर्याद दादांवर आहे याने दावा संपत नाही. न्यायाधिकरण फिर्यादीला बांधलेलं नसतं, ते स्वतः पुरावा बघतं. फौजदारी खटल्यात शंकेपलीकडे सिद्ध करावं लागतं. इथे जास्त शक्यता कोणत्या बाजूला आहे एवढंच पाहतात. ट्रक ड्रायव्हर पुढे फौजदारीत निर्दोष सुटला तरी तुमचा दावा त्यामुळे पडत नाही.

"ट्रक तर उभा होता, चालत नव्हता" असा बचाव नक्की येईल. त्यावर आपल्याच भागातला निकाल आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये पुणे-बंगळूर रस्त्यावर सातारा जिल्ह्यात एक पेट्रोलचा टँकर उलटला आणि काही तासांनी तिथे स्फोट होऊन माणसं गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं की वाहन थांबलेलं असलं तरी तो वाहनाचा वापरच आहे. आणि २०२४ मध्ये तर जवळपास तुमच्यासारखंच प्रकरण होतं. १४ चाकांचा ट्रेलर रात्री हायवेवर बेवारस सोडलेला, ना दिवा ना खूण, आणि मागून कार धडकली. खालच्या कोर्टांनी कार चालवणाऱ्यावर अर्धी चूक टाकली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली. धोकादायक जागी वाहन सोडायचं नाही हे कलम १२२ मध्ये स्पष्टच आहे.

पण हे सगळं सिद्ध करायला लागतं ते या आठवड्यातच गोळा करावं लागेल. घटनास्थळ पंचनाम्यात ट्रकला रिफ्लेक्टर होते का, दिवे लागत होते का, रस्त्याच्या कडेपासून किती अंतरावर होता, हे लिहिलंय का ते बघा. नसेल तर त्या जागेच्या आजूबाजूचे ढाबे, पेट्रोल पंप यांचे कॅमेरे. फुटेज बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस दिवस किंवा महिनाभर राहतं, मग त्यावरच पुढचं रेकॉर्ड होतं. आज तेविसावा दिवस आहे. टोलवरच्या क्रेनवाल्याला भेटा, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला भेटा. ते रात्री तिथे होते.

मग पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या की तपास ट्रक ड्रायव्हरच्या दिशेने व्हावा. पोच घ्या. दाद लागली नाही तर पोलिस अधीक्षकांना, तिथेही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हयगयीने मृत्यूला कारण होण्याचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) मध्ये आहे, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. जुन्या ३०४-अ मध्ये ती २ वर्षांपर्यंतच होती.

परराज्याची काळजी सोडा. दावा अपघात झाला त्या हद्दीत किंवा तुम्ही राहता त्या हद्दीत टाकता येतो. वहिनींना इंदापूरला किंवा ट्रकमालकाच्या गावाला हेलपाटे घालायचे नाहीत. ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघांना सामनेवाले करायचं. ड्रायव्हरचं लायसन्स बरोबर नव्हतं असं निघालं तरी साधारणपणे कंपनीने आधी तुम्हाला द्यायचं आणि नंतर मालकाकडून वसूल करायचं असा आदेश होतो.

---

पॉलिसीवाला | १५ फेब्रुवारी, दुपारी १:१५

मी विमा क्षेत्रात १८ वर्षे आहे, कंपनी सांगत नाही. ते ५ लाखांचं नीट समजून घ्या.

कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख मिळतात, चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. वाईट गोष्ट नाही ती. ज्यांच्याकडे खरंच काही पुरावा नाही त्यांना तोच आधार असतो. पण ती रक्कम एकदा कंपनीशी तडजोड म्हणून स्वीकारली की १६६ खालचा मोठा दावा तिथेच संपतो. फोन करणाऱ्याला घाई का आहे ते आता कळेल. हा रस्ता शेवटी हाताशी ठेवा, सुरुवातीला नको.

आता दुसरं, जे दहातल्या आठ घरांना कुणी सांगतच नाही. दादांच्या स्वतःच्या मोटरसायकलची पॉलिसी काढा. गाडी त्यांच्या नावावर आणि लायसन्स चालू असेल, तर मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाखांचा असतो. २०१८ पासून ही रक्कम आहे. यात चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही. मात्र नवीन गाडीला थर्ड पार्टी ५ वर्षांची असली तरी हा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो, म्हणून पॉलिसीवरच्या तारखा बघा.

बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपये कापल्याची नोंद दिसते का? ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, २ लाख. पीएफ कापला जात होता का? त्याला जोडलेला विमा किमान अडीच लाख ते ७ लाखांपर्यंत असतो, आणि वहिनींना व मुलांना पेन्शन वेगळी. सातबारावर नाव आहे म्हणालात, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज, आणि तलाठ्याकडून वारसांचा ६-क. मुदत थोडी असते, उद्या सोमवार आहे, उद्याच जा.

यातलं काही घेतलं म्हणून अपघाताच्या दाव्यातून वजा होत नाही. आयुर्विमा, पीएफ, पेन्शन ही माणसाने स्वतः कमावून ठेवलेली असते, चूक करणाऱ्याला तिचा फायदा द्यायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एसटी महामंडळाच्याच एका प्रकरणात १९९९ पासून सांगून ठेवलंय.

---

अबोली | १५ फेब्रुवारी, रात्री १०:३०

दिवसभर हा धागा उघडत होते आणि मिटत होते. भाऊ, तुमच्या वहिनींसाठी लिहिते. त्यांना वाचून दाखवाल का?

ताई, माझे मिस्टर २०१६ मध्ये गेले. वय ४१. आमची पिठाची गिरणी होती. सकाळी दूध आणायला गेले आणि एका बसने उडवलं. मीसुद्धा हेच म्हणाले होते, हेच शब्द. सासूबाई तर म्हणाल्या होत्या की त्या पैशाचं अन्न अंगी लागायचं नाही. तीन महिने मी कुणालाही कागदांना हात लावू दिला नाही.

मग जूनमध्ये मुलाच्या शाळेची फी आली. गिरणीचं लाइट बिल आलं. माझ्या भावाने भरलं. पुढच्या महिन्यातही भावाने भरलं. भाऊ चांगला आहे, कधी बोलून दाखवलं नाही. पण एका रात्री मला झोप लागेना. वाटलं, हे पैसे तर यांनी आणले असते. ते आणत होतेच, रोज, पिठाने पांढरे झालेल्या हातांनी. आता माझा भाऊ का भरतोय? ज्याच्या चुकीने ते थांबले त्याने भरायला नकोत?

कोर्टातल्या कागदात नवऱ्याची किंमत नसते हो. मी पूर्ण हुकूमनामा चार वेळा वाचलाय. त्यात महिन्याची कमाई असते, त्यांच्या स्वतःच्या खर्चाची वजावट असते, अजून किती वर्षे कमावले असते याचा हिशेब असतो. ते माणूस कसे होते, गिरणीत गुणगुणायचे कसे, त्यातलं एक अक्षर नसतं. ते कुणी मागतही नाही आणि कुणी घेऊही शकत नाही. ते तुमच्याकडेच राहतं.

सोपं नसतं हे मात्र सांगते. साक्षीच्या पिंजऱ्यात मला कंपनीच्या वकिलांनी विचारलं, नवरा दारू प्यायचा का. दुसऱ्या लग्नाचा विचार आहे का, हेसुद्धा विचारलं. मी तेव्हा रडले. आता कळतं की त्या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही. पुनर्विवाह केला म्हणून विधवेचा हक्क जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय. निकाल २०२१ ला लागला. त्यावर अपील झालं. मुलांच्या वाट्याची रक्कम मुदत ठेवीत आहे, ती मला मोडता येत नाही, आणि आज वाटतं तेच बरं आहे. नातेवाईक फार आले होते तेव्हा.

गिरणी अजून चालू आहे. मीच चालवते.

---

भोगावती_काठ | १७ फेब्रुवारी, रात्री ९:१०

अबोलीताई, वाचून दाखवलं. वहिनी काही बोलली नाही. पण काल सकाळी दादाची पेटी काढून माझ्यापुढे ठेवली. त्यात लायसन्स, गाडीचे कागद, बँकेची पासबुकं.

सोमवारी कृषी कार्यालयात अर्ज दिला. ढाब्यावर जाऊन आलो. मालक म्हणाला पोलिसांशिवाय फुटेज देणार नाही, पण उडू देत नाही, वेगळं काढून ठेवतो. त्याचे उपकार विसरणार नाही. ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली.

एकच विचारतो. पगाराचे १० हजार रोख मिळायचे त्याचं काय? कंत्राटदार फोन उचलत नाही. साधारण किती रक्कम होते अशा केसमध्ये?

---

लातूरची_वकील | १८ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

हिशेब कसा करतात तो मांडते, म्हणजे तुमचे तुम्हालाच कळेल. कोर्टात याला "सरला वर्मा" आणि "प्रणय सेठी" म्हणतात, २००९ आणि २०१७ चे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल.

महिना २२,००० धरला. कायम नोकरी नव्हती आणि वय चाळिसाच्या आत, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे. झाले ३०,८००. वर्षाचे ३,६९,६००. मागे अवलंबून असलेले चौघे आहेत, तर दादांच्या स्वतःच्या खर्चापोटी या रकमेचा चौथा हिस्सा वजा. राहिले २,७७,२००. वय ३१ ते ३५ ला गुणक १६. म्हणजे ४४,३५,२००. याशिवाय सहवास गमावल्याचे पत्नी, दोन मुलं आणि आई प्रत्येकी ४८,४००, आणि अंत्यविधी व मालमत्तेच्या हानीचे प्रत्येकी १८,१५०. एकूण ४६,६५,१००. वर दाव्याच्या तारखेपासून व्याज.

आता फक्त बँकेतले १२,००० धरून करा. गुणकानंतरचा आकडा २४,१९,२०० वर येतो. दहा हजारांच्या रोख पगारामुळे वीस लाखांचा फरक. तुमच्या केसमध्ये खरी लढाई इथे आहे.

कंत्राटदार येणार नाही असंच धरून चला. त्याला समन्स काढता येतं, हजेरीपट मागवता येतो. पण त्याआधी दादांबरोबर त्याच मशीनवर काम करणारे दोघे शोधा, ज्यांना तितकाच पगार होता. वहिनींना आणि आईंना ते मोबाइलवरून पैसे पाठवत असतील, त्या नोंदी. गाडीचा हप्ता, मुलीच्या शाळेची फी, भिशी, किराणा दुकानाची उधारीची वही. १२ हजारांत हे सगळं बसत नाही, हे कागदांनीच दिसलं पाहिजे. पुतणीच्या प्रवेश अर्जावर वडिलांचं उत्पन्न काय लिहिलं होतं तेही आधी बघून घ्या. सवलतीसाठी कमी लिहिलेलं असलं तर समोरचा वकील नेमका तोच कागद काढतो.

---

सह्याद्री_वारा | १८ फेब्रुवारी, दुपारी ४:००

वकील ताईंबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. माझ्या मेहुण्याच्या वेळी आम्ही लोकअदालतीत मिटवलं. वर्षाच्या आत पैसे हातात. वकिलांनी ३० लाख होतील म्हटलं होतं, आम्ही १९ घेतले. लढत बसलो असतो तर माझी बहीण आजही तारखांना गेली असती. पोरं लहान असताना आलेले १९ लाख आणि पोरं मोठी झाल्यावर आलेले ३० लाख यात मला पहिले महत्त्वाचे वाटतात.

---

निवृत्त_शिरस्तेदार | १८ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४५

सह्याद्री_वारा, तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. लोकअदालतीत शेकडो घरांना वेळेवर पैसे मिळालेले मी पाहिले आहेत. फक्त दोन गोष्टी. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. आणि दावा दाखल नसताना, पुरावे गोळा नसताना गेलात तर कंपनी पाच-सात लाखांवर बोलणी सुरू करते. उत्पन्नाचा पुरावा फाइलला लागलेला असेल तर तीच कंपनी वेगळ्या आकड्यावर येते. आधी दाखल करा, मग बसा.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा. १५१०० हा त्यांचा क्रमांक. मोफत मिळालेला वकील कमी प्रतीचा असतो हा समज मी तरी अनुभवाने मान्य करत नाही.

---

कल्याण_लोकल | १९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

धाग्याचा विषय रस्त्याचा आहे, पण मुंबईकडचे वाचत असतील म्हणून लिहितो. लोकलमधून पडून माणूस गेला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा, मुदत एक वर्ष. मृत्यूसाठी ८ लाख. दारात उभा होता, गर्दीत तोल गेला, ही त्याची चूक धरत नाहीत. रूळ ओलांडताना गेला तर मात्र हे लागू होत नाही. माझ्या मित्राचा पास पाकिटासकट गायब झाला होता आणि घरच्यांनी तिकीट नाही म्हणून आशा सोडली होती. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं म्हणता येत नाही, असा २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पासाचा जुना नंबर आणि ऑफिसचं पत्र यावर काम झालं.

---

मुक्ता_सांगली | २० फेब्रुवारी, सकाळी ९:००

खड्ड्यात पडून गेलेल्यांच्या घरच्यांसाठीही मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ६ लाख ठरवून दिलेत ना? पालिकेच्या हद्दीतल्या लोकांनी ते लक्षात ठेवावं.

---

भोगावती_काठ | ५ जुलै, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. मध्ये बरेच जण व्यक्तिगत निरोपात विचारत होते, म्हणून इथेच लिहितो.

१८ जूनला बार्शीत दावा दाखल झाला. मुदतीच्या पाच आठवडे आधी. विधी सेवा समितीने वकील दिल्या, त्या बाई फाइल घरी नेऊन वाचतात आणि रात्री फोन करून शंका विचारतात.

ढाब्याच्या फुटेजमध्ये रात्री पावणेनऊपासून तो ट्रक तिथे अंधारात उभा दिसतो. जवळजवळ तीन तास. तीन तासांत त्या माणसाला एक दगड, एक फांदी ठेवायला जमलं नाही. हे पाहिलं तेव्हा मी ढाब्याच्या मागे जाऊन बसलो होतो. पोलिस अधीक्षकांकडे अर्ज गेल्यावर तपास फिरला आणि दोषारोपपत्र ट्रक ड्रायव्हरवर गेलं, कलम १०६ (१) आणि २८५.

मोटरसायकलचा १५ लाखांचा विमा मिळाला नाही. पॉलिसीवाला म्हणाले होते तसंच, गाडी २०२२ ची, तो भाग पहिल्याच वर्षी संपलेला. दादाला माहीतही नसणार. मी माझ्या गाडीची पॉलिसी त्याच दिवशी काढून बघितली, ऑफिसात सगळ्यांना बघायला लावली. शेतकरी योजनेचे २ लाख मंजूर झाले. त्याच मशीनवरचे दोघे साक्षीला यायला तयार आहेत. त्यांतला एक अजून त्याच कंत्राटदाराकडे आहे, तरी येतो म्हणाला.

वहिनीबद्दल. प्रतिज्ञापत्रात दादाची कामं लिहायची होती. वकीलबाई म्हणाल्या, नोकरीशिवाय काय करायचे ते सांगा. वहिनीने मग सांगायला सुरुवात केली. रविवारी शेताला पाणी, आईला महिन्यातून एकदा सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं, गावच्या चार घरांच्या मोटारी दुरुस्त करून देणं, त्याचे कोण किती द्यायचं, मुलीचे पाढे. बाई लिहीत होत्या. अडीच पानं झाली. वहिनीने ती वाचून घेतली, एका ठिकाणी तीनऐवजी चार घरं अशी दुरुस्ती करायला लावली आणि सही केली.

---

अबोली | ६ जुलै, सकाळी ७:१०

वहिनींना माझा नमस्कार सांगा. साक्षीच्या तारखेला मला कळवा. बार्शी मला लांब नाही, त्यांच्याशेजारी बाकावर बसायला येईन.

---

नवा_सदस्य_परांडा | ६ जुलै, रात्री ८:३०

सगळा धागा वाचला. माझी आई सकाळी फिरायला गेली असताना कुठल्यातरी गाडीने ठोकरलं, गाडी सापडली नाही. आई घरीच असायची, पगार वगैरे काही नाही. गावातले म्हणतात गाडीही नाही आणि कमाईही नाही, मग काय मिळणार? आम्ही काही केलं नाही अजून.

---

भोगावती_काठ | ६ जुलै, रात्री ८:४५

भाऊ, गाडी सापडली नाही तरी अज्ञात वाहनाच्या योजनेतून मृत्यूसाठी २ लाख मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. गाडी सापडली तर मोठा दावा होतो, आणि आईला पगार नव्हता म्हणून कमाई शून्य धरत नाहीत. घरकामाचं उत्पन्न धरायचं असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. आमच्या वकीलबाईंनीच परवा सांगितलं.

पण ते सगळं नंतर. आधी अपघाताची तारीख लिहा.